पोर गेला

हौसाबाई काउंटरसमोर उभी राहिली ती हलेचना. मागे गिऱ्हाइकं खोळंबली.

“पुढं सरक गो,” तुळसा म्हणाली. “लाडवांना नजर लावशील.”

तुळसा तिची धाकटी जाऊ. आज तुळसाच्या सुनेला मुलगा झाला, म्हणून दोघी बाळकुमहून रिक्षाने ठाण्याच्या बाजारात पेढे घ्यायला आल्या होत्या. तुळसा पुढच्या दुकानात चल म्हणत होती. हौसाबाई मेनरोडवरच्या या दुकानात शिरली.

“खाट हितं व्हती,” फरसाणाच्या बरण्यांकडे बोट दाखवत ती म्हणाली.

दुकानदार मितेश हसला. “खाट? मावशी, आमच्याआधी इथे बँक होती. तिच्याआधी क्लासेस.”

“त्याच्याआदी बायांचा दवाखाना. त्याच्याबी आदी मिठाचा गोदाम. आमचा सासरा हितं गोनी टाकायचा.”

“तरीच! भिंतीला कितीही रंग मारा, पोपडे निघतात. बँकवालेपण वैतागलेले.”

हौसाबाईने भिंतीवरून हात फिरवला. हाताला पांढरी भुकटी लागली. ती तशीच ठेवून तिने तुळसाला विचारलं, “तू व्हतीस ना माझ्यासंगं. काय झाला व्हता मना?”

“पोर झाला व्हता.”

“त्ये मना पन सांगला व्हता.”

पहिल्या बाळंतपणात, इथल्याच खाटेवर, तिला कुणी मूल दाखवलं नव्हतं. सासू दारातून एवढंच म्हणाली होती, ‘पोर गेला.’ त्यांच्या बोलीत मुलगा गेला तरी पोर गेला, मुलगी गेली तरी पोर गेला. पुढे हौसाबाईला मुलगे झाले, नातवंडं झाली. पण ते पहिलं अजून तिच्या झोपेत यायचं; कधी चड्डीत, कधी परकरात. हाक मारायला तोंड उघडावं, तर काय म्हणून मारायची तेच कळायचं नाही.

“सासूनं शपत घातली व्हती,” तुळसा पुटपुटली. “म्हनली, सांगशील तर तिचा जीव गुंतंल.”

“सासू मेली.”

“शपत मरते का गो?”

“मावशी, लाइन लागलीय,” मितेश म्हणाला. “मुलगा की मुलगी? पेढे देऊ की बर्फी?”

“मुलगा. पेढे दे.” तुळसाने पैसे दिले, खोके पिशवीत भरले. मग ती दाराकडे वळली आणि तिथेच थांबली. पदराने तोंड पुसून परत आली. हौसाबाईकडे बघणं मात्र तिने टाळलं.

“पाव किलो बर्फी दे. वेगली बांद.”

“ती कुणाची?”

“हिची.”

मितेशने खोक्याला दोरा गुंडाळला आणि पिशवी शोधायला तो खाली वाकला. हौसाबाईने काउंटरवरून दोन्ही हात पुढे केले.

“पिशवी नको,” ती म्हणाली. “माझ्याकडं दे. अशीच.”