दुपारचा भोंगा

"भोंगा झाला! मशीन बंद कर आणि डबा उघड!" आजोबा पलंगावरून गरजले.

त्यांना सांभाळायला ठेवलेल्या बाईच्या हातातली चादर गळून पडली. ना कुठे भोंगा, ना कुठे मशीन. आजोबांची हयात कारखान्यात गेलेली आणि आता स्मरणशक्तीने हात टेकलेले, एवढं तिला ठाऊक होतं. पण आज ते आपल्याला कोण समजताहेत, हे काही केल्या कळेना.

"अहो आजोबा, मी..."

"बस म्हणतो ना, लेथवाल्या!"

लेथवाल्या? तिने आपली वेणी चाचपून पाहिली.

भूक मात्र खरी होती. पोटात सकाळपासून कावळे ओरडत होते. आजोबांच्या सुनेने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "यांच्यावरून नजर हटता कामा नये." म्हणून ती ओट्याशी उभ्याउभ्या चार घास कोंबायची, तेही जमलं तर. मागच्या आठवड्यात तिला भोवळ आली होती. काल तर वेळ संपल्यावरही सुनेने तिला थांबवून घेतलं होतं. पण बोलायची सोय नव्हती. हे काम गेलं तर घरची चूल पेटली नसती.

ती भीतभीत डबा उघडून बसली. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच तिचा फोन वाजला. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यातून सून ऑफिसात बसून सगळं बघायची.

"अहो, बसून काय राहिलात?"

आजोबांनी फोन हिसकावला. "कोण, मॅनेजर? जेवणाची अर्धा तास सुट्टी कायद्यात आहे! आणि काल पाळी संपल्यावर थांबवून घेतलंत, त्याचे दुप्पट पैसे कुठायत? आणू का सगळ्यांना फाटकावर?"

पलीकडून एक सुस्कारा. बाईने फोन परत कानाला लावला.

"यांना विरोध करायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. जेवून घ्या तुम्ही. रोजच जेवत जा, नाहीतर हे घर डोक्यावर घेतील. कालचंही बघते मी."

बाई चक्रावून गेली. हसावं की रडावं? ती पोटभर जेवली, पण जीव थाऱ्यावर येईना. हे सगळं एका भ्रमिष्ट माणसाच्या लहरीवर! उद्या त्यांना काही ऐकूच आलं नाही तर?

पांघरूण नीट करताना तिच्या तोंडून निघूनच गेलं, "आजोबा, उद्या वाजेल ना हो भोंगा?"

आजोबांनी कॅमेऱ्याकडे पाठ केली. पांघरूण नाकापर्यंत ओढलं आणि हळूच म्हणाले, "तू डबा आणत जा, पोरी. भोंग्याचं मी बघतो."