देशमुखांचा आहेर

चंद्रीनं तिसऱ्यांदा लाथ झाडली तेव्हा सुलतानसारखा घोडाही मागं सरला. मोमिनाबादच्या छावणीत जमलेले स्वार हसले. राधाकिशनराव देशमुख हसले नाहीत.

"कब फेंकी थी?" सुलतानच्या म्हाताऱ्या मोतद्दारानं विचारलं.

"श्रावणात गाभ टाकला," देशमुखांचा मोतद्दार सिदू म्हणाला. "मीच पुरलं निंबाखाली."

"फिर तो आना चाहिए था माज पे." म्हाताऱ्यानं सुलतानची मान थोपटली. "घोडी राजी नै, साहब. ले जाओ."

ले जाओ म्हणायला काय जातं! दिवाळी झाली की रिसाला हैदराबादेस हलणार होता आणि त्याच्यासोबत सुलतानही. उभ्या मुलखात तसा घोडा नव्हता. घाटनांदुरातून दोघांनी आपापल्या घोडीसाठी रिसालदारसाहेबांकडे शब्द टाकला होता, राधाकिशनरावांनी आणि पेठेतल्या महारुद्र अप्पांनी. साहेबांनी मान दिला तो देशमुखांच्या घोडीला. चैत्रात चंद्री फळली. फाल्गुनात शिंगरू उभं राहणार होतं. राव चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "सुलतानचं शिंगरू या गावात एकाच दारात बांधलं जाईल." त्या दिवसापासून त्यांच्या मिशीचा पीळ बोटभर वाढला, असं गाव म्हणे.

मग श्रावणात गाभ पडला. राव लहान लेकरासारखे रडले, पण ते फक्त त्यांच्या बायकोनं, तुळजाबाईंनी पाहिलं. सकाळी ते पागेत आले ते मिशी नीट करूनच.

"एक गेलं म्हणून काय झालं बे? दुसरं हुईल," ते सिदूला म्हणाले.

घाई मात्र त्यांनी केली नाही. दिवाळीपर्यंत चंद्रीच्या पाठीवर खोगीर चढू दिलं नाही. तुळजाबाईंनी तिला बाळंतिणीसारखं ओवा, डिंक, मेथी, गूळ असं सगळं चारलं. घोडी गरगरीत झाली. पेठेतून नेताना महारुद्र अप्पा दुकानातून म्हणायचे, "देशमुख, घोडीचं पोट लई सुटलंय की!"

"देशमुखाचं घर हाय, अप्पा. जनावर बी पोटभर खातंय. तुमच्या दुकानात तर उंदीर उपाशी मरतेत."

पेठ हसायची. अप्पाही हसायचे, पण गिऱ्हाईक गेल्यावर.

राव छावणीतून मान खाली घालून परतले तेव्हा मात्र पेठेनं वेगळं ऐकलं.

"काय देशमुख, नवरी नांदंना का?" अप्पांनी हाक दिली. "सुलतान तर चालला. माझं तट्टू धाडू का?"

रावांनी लगाम ओढून पेठ मागं टाकली. चंद्री त्यांच्या हातावर वाढलेली होती, पण आता सकाळी पागेत पाऊल टाकलं की त्यांना पेठेतलं ते हसणंच ऐकू यायचं. जीव जळायचा.

मार्गशीर्षात अप्पांच्या मुलाचं लग्न निघालं. रावांनी सिदूला चंद्रीला धुवायला सांगितलं आणि ठेवणीतली आरशांची झूल काढली.

"अवो, लेकीवानी वाढविली तिला," तुळजाबाई म्हणाल्या. "कावून धाडता? ऱ्हाऊ द्या की. बसून खाईल."

"देशमुख जनावर विकत न्हाईत. देतेत."

"एवढा राग?"

"राग न्हाई. मान हाय."

तुळजाबाईंनी चंद्रीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तोंडाला पदर लावून त्या आत गेल्या.

मांडवात आलेला आहेर परतवता येत नाही. परतवला तर घेणाऱ्याचीच ऐपत उघडी पडते. हे रावांना ठाऊक होतं आणि अप्पांनाही. हलगीच्या तालावर राव स्वतः लगाम धरून मांडवात आले. पंचक्रोशीतली माणसं जेवणं सोडून उठली.

"अप्पा," राव खणखणीत आवाजात म्हणाले, "सुलतान काय तुमाला मिळाला न्हाई. त्याची रुसलेली राणी तरी घ्या. ती तुमची, अन् तिच्या पोटचं समदं तुमचं. पंचांसमक्ष बोलतो."

मांडव हसून लोटपोट झाला. अप्पांचा चेहरा उतरला, पण त्यांनी हात जोडले.

"तुमचा आहेर डोक्यावर, देशमुख. चारीन मी हिला."

राव घरी चालत आले. वाटेत प्रत्येक दारात माणसं उभी होती आणि प्रत्येक दारापुढे त्यांची छाती आणखी फुगत होती. घोडी गेली, सुलतान गेला, पण गावात नाक कुणाचं वर राहिलं हे शेंबड्या पोरालाही कळलं होतं. पागेकडे तेवढं त्यांनी पाहिलं नाही.

हिवाळाभर राव पेठेतून मुद्दाम हिंडले.

"काय अप्पा, खाती का आमची राणी?"

"खाती, देशमुख. लई खाती."

माघ सरता सरता अप्पा हे सांगताना हसायला लागले. रावांना वाटलं, हरलेला माणूस दुसरं करणार तरी काय?

होळीच्या दुसऱ्या दिवशी पेठेत हलगी घुमू लागली. राव ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"बघून ये बे, अप्पानं नवं घोडं घेतलं का काय," त्यांनी सिदूला पिटाळलं.

सिदू गेला तसाच परत आला.

"मालक, शिंगरू झालंय. हुबेहूब सुलतान."

"कुणाला?"

"आपल्या चंद्रीला."

राव ताडकन उठले. सुपारी ओसरीभर झाली. "येडा झालास का बे? श्रावणात तूच पुरलंस की!"

सिदूनं मान खाली घातली.

"एकच पुरलं, मालक. पोटात दोन हुती."