पाठीवरचा पंजा

शेवटच्या मिनिटाला स्वरांगीने सूर मारला आणि पुढे पळणारी पोर तिच्या हातून निसटली. स्वरांगी लाल मातीत सपशेल आपटली. मैदानाच्या कडेला कॅमेरा घेऊन बसलेल्या तिच्या आईच्या, शैलाच्या, काळजात चर्र झालं. जिल्ह्याच्या खो-खोच्या अंतिम सामन्यात लेकीचा एक तरी झकास फोटो मिळावा म्हणून ती सकाळपासून उन्हात तळत होती. आणि लेक ही अशी पडलेली!

पण पोरगी रडत बसली नाही. मातीने माखलेली उठली, धावली आणि पुढे बसलेल्या कॅप्टनच्या पाठीवर थाप मारून ओरडली, "खो!" कॅप्टन उसळली. तिने झेप घेऊन पळणारीला गाठलं, तेव्हाच शैलाने बटण दाबलं. शिट्टी वाजली. शाळा जिंकली होती.

घरी फोटो बघताना स्वरांगीचं तोंड एवढंसं झालं.

"आई, सर हाच फोटो शाळेत लावणार. यात मी कुठेच नाही गं."

"नीट बघ की जरा!" म्हणत शैलाने फोटो मोठा केला.

झेपावलेल्या कॅप्टनच्या पांढऱ्या टी-शर्टवर, पाठीच्या मधोमध, लाल मातीचा पंजा उमटला होता. पाचही बोटं स्पष्ट. स्वरांगीने आपला तळहात उघडून पाहिला आणि खुदकन हसली.

आता तोच फोटो शैलाच्या स्टुडिओच्या दर्शनी काचेत झळकतोय. येणारंजाणारं कुणीतरी विचारतंच, "यातली तुमची लेक कुठली हो?"

"ही काय!" म्हणत शैला त्या लाल पंजावर बोट ठेवते.