पाच मोहिमांचा कोड

उड्डाणाला दोन दिवस उरले होते आणि या खेपेला यानात माणसं बसणार होती. कोड जुन्याच यानांचा, जसाच्या तसा उचललेला. उतरताना इंजिन बंद पडलं तर काय करायचं, त्या भागातला एक आकडा कोड तपासणाऱ्या तरुणीच्या काही केल्या गळी उतरेना.

"पाच मोहिमांत तावून-सुलाखून निघालाय तो. उगाच हात लावू नका," खुर्चीमागे उभे असलेले साहेब म्हणाले.

न राहवून तिने कोड लिहिणाऱ्या निवृत्त काकांना फोन लावला.

"काका, इंजिन बंद पडल्यावरचा तो भाग पाचही वेळा नीट चालला ना?"



"पोरी, इंजिन कधी बंदच पडलं नाही. तो भाग आजवर एकदाही चाललेला नाही."

तिने फोन तसाच साहेबांच्या कानाला लावला.