ओढ्यातल्या सतरा सभा

“हा बांध कोणी घातला?”

अनुदानाच्या कचेरीतून पाहणीला आलेल्या मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं आणि काठावरची चाळीस माणसं एकदम आपापल्या पायांकडे बघू लागली.

घोळक्यातले मिस्त्री डोळे फाडून बांधाकडे बघत होते. ओढ्यात या काठापासून त्या काठापर्यंत गुडघाभर उंचीचा बांध होता. दगडांच्या फटींत गाळ घट्ट बसला होता, त्यावर गवत उगवलं होतं आणि मागे स्वच्छ पाणी तुंबलं होतं. एरवी या दिवसांत ओढ्यात वाळूशिवाय काही नसायचं.

मिस्त्री पेशाने गवंडी. दर वर्षी ओढा आधी आटे, काही महिन्यांनी विहिरी आटत आणि मग ते थापी पिशवीत घालून चार महिने परमुलखात बांधकामावर जात. या वर्षीचे चार महिने संपवून ते कालच परतले होते. यापुढे जायचं नाही, असं त्यांनी निघतानाच बायकोला कबूल केलं होतं. ओढा अडवायला गावालाच छोटं अनुदान मिळतं, हे त्यांनीच शोधून काढलं होतं. तीन बांधांचा नकाशा त्यांचाच. आणि अर्जातला एक नियमही त्यांनी सगळ्यांकडून घोकून घेतला होता: मंजुरीआधी काम सुरू केलं, तर अर्ज रद्द. “ओढ्यातला खडासुद्धा हलवायचा नाही,” असं ते प्रत्येक सभेत बजावत.

“कोणाचे हात शिवशिवले?” त्यांनी मेहुण्याच्या कानाशी विचारलं. “तुझेच ना?”

“माझे? दाजी, मी घरचं कुंपण तीन वर्षं बांधतोय! तुम्ही गेल्यावर अवकाळी पावसात ओढा वाहिला आणि पाणी इथे अडलं. आम्हाला वाटलं, जाता जाता तुम्हीच उरकून गेलात.”

“मी?”

“सगळ्या गावाला तेच वाटलं. म्हणून तर चार महिने तोंडाला कुलूप लावून पाणी भरतोय.”

“आणि मला चकार शब्दाने सांगितलं नाहीत,” मागून बायको म्हणाली, “म्हणून कालपासून मी तुमच्याशी बोलत नाहीये.”

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. “हे बघा, काम आधीच झालं असेल, तर मला तसं लिहावं लागेल. माझा नाइलाज आहे.”

मिस्त्रींना घरातली पिशवी आठवली. ती त्यांनी अजून सोडलीही नव्हती. पुराने दगड वाहून आणले, असं सांगून टाकावं का? शब्द जिभेवर आले. पण पुराचा दगड गुळगुळीत असतो आणि हे सगळे खरबरीत, धारेचे, शेतातले. गवंड्याच्या तोंडून दगडाबद्दल खोटं निघेना.

एवढ्यात थोरली वहिनी मटकन बांधावर बसली. वस्तीत सगळ्यांत वडील तीच. उभं राहून तिचे गुडघे भरून आले होते. बसल्या बसल्या तिने हाताखालचा चिखल पुसला आणि ती ओरडली, “अगं बाई! हा तर माझा!”

“काय तुमचा?” मॅडमनी विचारलं.

“दगड! मधे खळगा आहे, बघा ना. चौथ्या सभेला आणलेला. बसायला इतका चांगला होता, की टाकून जाताना जीव हळहळला होता.”

मेहुणा पाण्यात उतरला. “आणि हा लालसर माझा!” त्याच्यामागे आणखी दोघं उतरले. “सरक, तो माझ्या बापाचा आहे!” बघता बघता निम्मं गाव पाण्यात वाकून आपापले दगड ओळखू लागलं.

मिस्त्रींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हसू आवरत ते मॅडमकडे वळले.

“मॅडम, आमच्याकडे सभेला जागा नाही. वरची वस्ती खालच्या वस्तीच्या अंगणात जात नाही, खालची वरच्या. म्हणून सभा मधे, कोरड्या ओढ्यात. येताना प्रत्येकाने आपल्या शेतातला एक दगड आणायचा, त्यावर बसायचं, उठताना तिथेच सोडायचा. शेत तेवढंच मोकळं होतं, आणि दगड मोजले की हजेरी कळते.”

“पण हे असे एका ओळीत?”

“या वस्तीच्या मागे ती वस्ती बसेल होय? एक या काठापासून बसायची, दुसरी त्या काठापासून. पुढच्या वेळी जुन्या ओळीला लागूनच नवी ओळ.”

“अशा सभा किती झाल्या?”

“सतरा. अर्ज परत आला की सभा. कधी सही चुकली, कधी नकाशावर उत्तर दिशा नव्हती, कधी शाई निळीच हवी होती.”

त्या अर्जांवरचे सगळे शेरे मॅडमच्याच हातचे होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मंजुरीआधी काम करायला मनाई आहे. बसायला नाही. मंजुरी माझ्याकडे लागली.”

ओढ्यात एकच गलका उठला. मॅडमनी हात वर केला.

“पण अर्जात तीन बांध आहेत आणि आता लागणार दोनच. अर्ज तेवढा दुरुस्त करून, पुन्हा सगळ्यांच्या सह्या घेऊन पाठवा. माफ करा, आणखी एक सभा घ्यावी लागेल.”

कोणी कुरकुरेल म्हणून त्या थांबल्या. पण थोरली वहिनी मेहुण्याचा हात धरून उठली आणि पदराला हात पुसत म्हणाली, “मग ही सभा जरा वरच्या अंगाला घेऊ या.”