सावल्या भरणारी

"वहिनी, उतरा खाली," दीर म्हणाला. "हसं करून घेऊ नका."

ती शिडीवरून हलली नाही. समोर पिवळ्याधमक बसची अख्खी बाजू कोरी पडली होती. तिथं बसचं नाव लिहायचं होतं, तुफान. मालकाची अट एकच. आधीच्या बसवर पेंटरनं लिहिलं होतं तस्संच हवं. धावत सुटल्यासारखी तिरकी अक्षरं, आतून पोकळ, मागे जाडजूड काळी सावली.

पेंटर म्हणजे तिचा नवरा. तो जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"अक्षरं दादा काढायचा," दीर मालकाला म्हणाला. त्याचं स्टिकरचं दुकान होतं आणि या कामावर केव्हापासून डोळा होता. "वहिनी नुसत्या सावल्या भरायच्या. मी मशीनवर छापून संध्याकाळी चिकटवून देतो."

खोटं नव्हतं ते. नवरा अक्षर काढून पुढे सरकायचा, ती मागून सावली भरत यायची. लोक वाहवा करायचे ती अक्षरांची.

तिनं खडूनं 'त' बेतायला घेतला. रेघ वाकडी गेली. पुसून पुन्हा काढली, तर आणखीच वाकडी. चहा पीत उभे असलेले ड्रायव्हर एकमेकांकडे बघू लागले.

"बघा! मी सांगत नव्हतो?" दीर म्हणाला.

तिचे कान तापले. तिनं खडू खाली टाकला, फडक्यानं पत्रा लख्ख पुसला. काळ्या रंगाचा डबा शिडीला अडकवला, रुंद ब्रश बुडवला आणि अक्षर जिथं संपलं असतं, थेट तिथूनच सुरुवात केली. उकाराच्या पोटाखालून, कान्याच्या पाठीमागून, शिरोरेघेच्या खालच्या अंगानं हात बेधडक फिरू लागला. ही वळणं त्या हाताला तोंडपाठ होती.

"अहो, पण अक्षरं कुठायत?" दीर ओरडला.

मालक मागे मागे सरकत पार फाटकापाशी गेला. डोळे बारीक करून बघत राहिला. काळ्या सावल्यांच्या पुढ्यात बसचा पिवळा पत्राच उसळून वर आला होता.

"तुफान," त्यानं मोठ्यानं वाचलं. "अरे, पळतंय की हे!"

ड्रायव्हरांपैकी कुणीतरी शिट्टी मारली.

"खाली सही तरी दादाची टाका," दीर पडेल आवाजात म्हणाला.

"का? तुम्हीच म्हणालात ना, अक्षरं त्यांची. इथं त्यांचं एकही नाही."

तिनं बारीक ब्रश घेतला आणि कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहिलं. मग खाली उतरून हात पुसले.

"बसला दोन बाजू असतात, भावजी. उचला शिडी."