तारेवरचे केस

मोहाच्या झाडाभोवती गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणलेली काटेरी तार आजही कोरीच होती. चेतनाने एकेक काटा भिंगातून पाहिला आणि भिंग खिशात टाकलं. खाली मातीत अस्वलाचे ताजे पंजे उमटले होते. तार ओलांडताना अस्वलाचे दोन-चार केस काट्यांत अडकतात आणि केसांच्या मुळांवरून प्रयोगशाळेत अस्वलं मोजली जातात. इथं मात्र येणारा रोज येत होता, पोटभर मोहफुलं खात होता आणि मागे काही म्हणजे काही ठेवत नव्हता.

आजची फेरी शेवटची. नुसते ठसे पुरावा म्हणून चालत नव्हते; या पट्ट्यात अस्वलं राहतात हे केसांच्या मुळांवरून सिद्ध झालं नाही, तर जंगल कापून रस्ता जाणार होता. तिच्यात आता चिडायचंही त्राण नव्हतं. पाणी मागायला ती जंगलाच्या कडेच्या घरी गेली.

भूमेश्वरी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. पडवीत खाटेवर तिची लेक मंजू झोपली होती. पोरीच्या गळ्यात काळा दोरा, त्यात चिंधीचा ताईत, आणि चिंधीतून एक राठ काळा केस बाहेर आलेला.

चेतनाच्या हातातला पेला तसाच राहिला.

"ताई, हा केस तारेवरचा?"

"मंग काय जी. बरं झालं तुमी तार बांधली," भूमेश्वरी मोकळेपणाने म्हणाली. "मोहाखाली अस्वल आंगावर धावून आलं, तवापासून पोरगी झोपेत किंचाळे. अस्वलाचा केस बांधला का भेव जाते. पहाटे मोहं वेचाले जातो, तं तारीवर केस असतेच. गावातल्या पोराईलेबी देल्ले."

चेतना ओट्यावर बसली. दीड महिन्याची मेहनत गावभरच्या पोरांच्या गळ्यात लटकत होती. राग यायला हवा होता, पण आली ती आशाच.

"मला एक द्याल? एकच."

"घ्या ना. त्यात काय."

भूमेश्वरीने आतून कागदाची पुडी आणली. तोवर चेतनाने लिफाफा उघडला होता, चिमटा हातात घेतला होता. पुडीतले केस लांब, चकचकीत होते. सगळ्यांची टोकं मात्र कात्रीने सारखी कापलेली.

"मुळं कुठं आहेत?"

"ते तं चुलीत टाकलं. मूळ ठेवलं का भेव वापस उगवते."

चेतनाने लिफाफा मिटला. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. खाटेवर मंजूने कूस बदलली आणि पुन्हा गाढ झोपली.

भूमेश्वरी पुडीतला एक केस काळ्या दोऱ्यात वळत चेतनासमोर येऊन बसली.

"हात करा इकडं, म्याडम. तुमालेबी बहुत दिसापासून झोप नाही, दिसून राहिलं."

चेतनाने हात पुढे केला.